वस्तऱ्याच्या मुठीला तापलेली सुई टोचू नका, आणि ते हवाबंद डबेही नकोत

'जुने वस्तरे जपण्याचे पाच उपाय' असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. काल तो फोंड्याच्या आमच्या काकांनी मला पाठवला आणि खाली लिहिलं, डबे आणलेत, रविवारी सगळे भरून टाकतो. काकांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणि तारवटी (बोटीवर काम करणाऱ्या) मित्रांकडून जर्मनीतल्या सोलिंगेनचे, इंग्लंडमधल्या शेफील्डचे वस्तरे एकेक करून जमवलेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा: पात्याला खोबरेल लावा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तांदळासकट हवाबंद डब्यात ठेवा, मूठ हस्तिदंती आहे का ते तापलेली सुई टोचून बघा, डाग लिंबू-मिठाने काढा, आणि शोभेचे वस्तरे लोहचुंबकाच्या पट्टीवर भिंतीला लावा.

आधी सुई, कारण यात माणसाला इजा होऊ शकते. जुन्या वस्तऱ्यांच्या पिवळट पांढऱ्या मुठी पुष्कळदा हस्तिदंत नसतातच, सेल्युलॉइड म्हणजे जुन्या काळचं प्लॅस्टिक असतं. 1870 साली अमेरिकेत जॉन हायट या संशोधकाने त्याचं पेटंट घेतलं ते हस्तिदंताला पर्याय म्हणूनच, म्हणजे ते तसं दिसणारच. आणि सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट अधिक कापूर, जुन्या सिनेमाची पेट घेणारी रिळं ज्याची असायची तोच पदार्थ. त्याला लाल झालेली सुई लावायला सांगताय? घरात, हातात धरून? ओळखायचंच असेल तर भिंग घ्या. सेल्युलॉइडमध्ये रेघा सरळ, समांतर, छापल्यासारख्या एकसारख्या दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी असते. मूठ बोटाने जोरात चोळून वास घ्या, कापराचा आला तर ते सेल्युलॉइड. आणि खरंच हस्तिदंत निघालं तर तो 1972 च्या वन्यजीव कायद्याचा विषय आहे, विकणं-विकत घेणं गुन्हा आहे, मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

आता डबे. हाच सल्ला लोकांना पटतो, कारण आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते, मग बंद करून ठेवलेलं बरं असं कुणालाही वाटणार. शिंग, हाड किंवा लाकडाची मूठ असेल तर बंद डबा आणि आत सिलिका जेल (ओलावा ओढणाऱ्या दाण्यांची पुडी) चालतं, एवढं मान्य. पण सेल्युलॉइड जुनं झालं की स्वतःच विघटित होतं आणि नायट्रोजनचे वायू सोडतं, ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. हवाबंद डब्यात ते जाणार कुठे? मूठ आणखी लवकर कुजते आणि पात्याला गंज चढतो, नेमका तिथे जिथे मिटलेलं पातं मुठीत बसतं. शेजारचे चांगले वस्तरेही त्याच वाफेत सापडतात. कॅनडाच्या सरकारी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटने (जुन्या वस्तू जतन करणाऱ्या संस्थेने) म्युझियमांसाठी सेल्युलोज नायट्रेटच्या वस्तूंवर वेगळं टिपण काढलंय, त्याचं सार हेच, की या वस्तू बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि हवा खेळू द्या. मेसेज बरोबर उलटं सांगतो. काकांच्या एका वस्तऱ्याच्या पितळी खिळ्याभोवती हिरवं आलंय आणि मुठीला बारीक तडे गेलेत, म्हणजे त्याची सुरुवात झालेलीच आहे, तो बाकीच्यांत मिसळायचाच नाही.

तांदळाचं तर बोलूच नये. ओलावा ओढायला ते सिलिका जेलच्या जवळपासही नाहीत, वर पीठ सुटतं, किडे होतात, आणि काही किडे शिंगाच्या मुठीही खातात.

खोबरेलाबद्दल अर्धं खरं आहे, तेल लावायला हवंच, बहुतेक जुनी पाती कार्बन स्टीलची आहेत, समुद्राच्या खाऱ्या हवेत ती उघडी टिकत नाहीत. पण खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, जुनं झालं की खवट होतं आणि मुंग्या येतात ते वेगळंच. शिवणयंत्राचं तेल घ्या, पातळ हात फिरवा, मुठीला लागू देऊ नका. आणि चामड्याच्या म्यानात घालून विसरू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

लिंबू-मीठ म्हणजे आम्ल आणि क्लोराइड दोन्ही एकदम, आणि दोन्ही पोलाद खातात. पात्यावरचं कोरीव काम आणि सोनेरी मुलामा एकदा गेला की परत येत नाही. डाग राहिला तर राहू दे!

चुंबकाची पट्टी जाड सुरीसाठी ठीक आहे, वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की पातं पट्टीवर खट्कन बसलं तरी तुकडा उडतो, शिवाय आपल्या चिऱ्याच्या भिंती पावसात पाझरतात आणि घरात पोरं असतात. मांडायचेच असतील तर काचेच्या, कुलूप लागणाऱ्या कपाटात, थेट ऊन नको, गरम होणारा दिवा नको, दिवाळीपासून शिगम्यापर्यंत बाहेर आणि पावसाळ्यात आत, दर आठवड्याला एकदा हातात घेऊन बघायचे. सेल्युलॉइडवाले वेगळ्या खणात, सुटे सुटे, दाराला फट ठेवून.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी बाकीचं राहू दे, सुईचा मुद्दा चुकीचा आहे एवढं तरी आजच त्याच ग्रुपवर लिहा.