खुलासा : तळ्याकाठचं ते काटेरी झुडूप उपटू नका

‘तळ्याकाठी वाढणारं जांभळ्या फुलांचं काटेरी झुडूप परदेशी तण आहे, त्यावर विषारी अळ्या होतात, दिसताच उपटा’ असा मेसेज फिरतोय. फोटो तालिमखान्याचा आहे. पेरापेरावर पिवळट लांब काटे, त्यांच्यामध्ये दोन ओठांची फुलं, ओळखायला सोपा. तो इथलाच आहे, आयुर्वेदातला कोकिलाक्ष. दक्षिण अमेरिकेतून आली ती जलपर्णी. तिचीही फुलं जांभळट, घोळ बहुधा तिथेच झाला.

अळ्या मयूर भिरभिरीच्या, म्हणजे पीकॉक पॅन्सी फुलपाखराच्या. अंगावर काटे असतात खरे (दिसतातही भीतीदायक), पण ते विषारी नाहीत. तालिमखान्याची पानं खाऊन त्या वाढतात. तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.