लग्नाची डीव्हीडी आणि व्हीओबीचे तुकडे
किती वेळा सांगायचं, डीव्हीडीतल्या व्हीओबी फायली (ज्यांत चित्र-आवाज साठवलेला असतो) सुट्या सुट्या एडिटरमध्ये ओढू नका! १ जीबी भरली की फाईल तुटते, मग मंगलाष्टक अर्धं इकडे, अर्धं तिकडे आणि सांध्यावर आवाज पुढे-मागे. फाईलच्या नावातल्या क्रमांकाप्रमाणे १ पासून ओळीने जोडा (शून्यवाली मेन्यूची, ती सोडा), री-एन्कोड न करता (चित्र पुन्हा न दाबता) एकच एमपीजी फाईल करा आणि मगच कापा.

तेही कुठेही नाही. एमपेग-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीचा व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून ठेवतात त्यात, पूर्ण चित्राची आय-फ्रेम साधारण १२ ते १५ फ्रेमनंतर, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक येते. मधल्या फ्रेममध्ये नुसता फरक साठवलेला असतो. तिथे कात्री लावली की नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन नाचणारच!

वर डीव्हीडीचं ७२०×५७६ चं इंटरलेस चित्र (एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या) तसंच ओढून १०८० (फुल एचडी) करतात. मग हळद लावणाऱ्या हातांना कंगव्याचे दात फुटतात. आधी डीइंटरलेस करा रे, म्हणजे त्या ओळींतून पूर्ण फ्रेम बनवा, सेकंदाला ५० फ्रेम ठेवून!

जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत, पत्र्याखालच्या कपाटात पडलेल्या डिस्कचा रंगथर (ज्यात माहिती लिहिलेली असते तो) आधीच खराब झालेला असतो. तिथे कॉपी-पेस्ट चालत नाही. डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रॅमने अख्खा आयएसओ (सगळ्या डिस्कची एका फाईलमधली हुबेहूब प्रत) काढा, आणि काम झालं म्हणून तो लगेच उडवू नका, ती डिस्क पुन्हा वाचली जाईलच असं नाही.