नस दबलीय, स्टेंट टाका, चक्कर गायब? थांबा जरा

फॅमिली ग्रुपवर काकांनी परत तोच मेसेज टाकलाय, की उभं राहिल्यावर धडधडतं, चक्कर येते म्हणजे पोटातली नस दबलीय, हा नवीन शोध आहे, सीटी करा, स्टेंट टाका, कायमचे बरे व्हाल, मीठ-पाणी आणि घट्ट सॉक्स नुसता टाइमपास.

पहिलं म्हणजे नस दबली म्हटलं की आपल्याकडे सायटिकाच आठवतो, पण इथे ती नस नाही, पायातलं रक्त वर नेणारी शीर आहे. डाव्या पायाची शीर उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते, मागे मणका, मधे ती चेपते. मे-थर्नर म्हणतात याला, 1957 पासून माहितीये, कसला नवीन शोध.

सीटीत दिसलं म्हणजे तेच कारण? खरी गोची इथेच आहे. काहीही त्रास नसलेल्या लोकांच्या सीटीतही ही शीर चेपलेली सापडते, वर अंगात पाणी कमी असेल तर ती अजूनच चपटी दिसते, आणि चक्करवाल्या बऱ्याच पेशंटच्या अंगात मुळात रक्ताचं प्रमाणच कमी असतं.

पण सगळंच थोतांड आहे असंही नाही हां. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली उतरतं, वर यायची वाट अरुंद असेल तर ते ओटीपोटात आणि पायात साचतं, हृदयाकडे कमी येतं, मग ठोके वाढतात. स्टेंटनंतर काहींची चक्कर कमी झालीय, पण ते पेशंट मोजकेच. माझ्या मावसबहिणीचे ठोके आडवं असताना 72, ओट्याला धरून उभी राहिली तर चौथ्या मिनिटाला 118, बीपी जागच्या जागी. मोठ्या माणसात 10 मिनिटांत 30 ने वाढले आणि असा त्रास महिनोन्महिने असला तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिलं की बीपी न पडता ठोके फार वाढतात त्या आजाराचा, विचार करतात. संध्याकाळी तिचा फक्त डावा घोटा सुजतो, म्हणून डॉक्टरांनी डॉप्लर, म्हणजे शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी, सांगितलं, नाहीतर सांगितलंही नसतं.

कायमचे बरे वगैरे तर सोडाच. पंचविशीत टाकलेला स्टेंट जन्मभर आत राहणार, त्यात गुठळी होऊ शकते, रक्त पातळ करायच्या गोळ्या येतात, असाच स्टेंट किडनीच्या चेपलेल्या शिरेतही टाकतात, तो तर सरकून हृदयापर्यंत गेल्याच्या केसेस आहेत.

आणि सॉक्स टाइमपास नाहीत, फक्त घोट्यापुरते नकोत, कमरेपर्यंतचे घट्ट हवेत, तेच पोटातलं रक्त वर ढकलतात. मीठ-पाण्यानेही बहिणीला फरक पडलाय, पण काका, तुम्हाला बीपी आहे, ते मीठ तुमच्यासाठी नाहीये.