चिलीचं कॉपर आणि दिंडोरीची द्राक्षं

माझं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळून देतो. थोरला भाऊ दिंडोरीत द्राक्षबाग बघतो. एकाच घरातल्या या दोन धंद्यांच्या मध्ये चिली नावाचा देश आहे, हे कळायला मला पन्नाशी उजाडावी लागली.

आमच्या लाइनीत तांबं कुणी म्हणत नाही, कॉपरच म्हणतात. वायरचा ड्रम टेम्पोतून उतरायच्या आत भाव विचारायचा, कारण रात्री लंडनच्या एक्स्चेंजवर काय झालं त्यावर आमचं कोटेशन टिकतं किंवा बुडतं. जगातलं जवळपास एक चतुर्थांश कॉपर चिलीच्या खाणींतून निघतं. आपण तिथून मुख्यतः त्याचं कॉन्सन्ट्रेटच, म्हणजे खनिजाची शुद्ध न केलेली भुकटी, आणतो आणि गुजरातेतल्या दहेजसारख्या ठिकाणी गाळतो. अंबड-सातपूरचे स्विचगिअर आणि ट्रान्सफॉर्मर त्या धातूवर चालतात.

भावासाठी मात्र चिली म्हणजे स्पर्धक. त्यांचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो, त्यामुळे त्यांचा माल आणि आपला माल एकाच वेळी युरोपच्या बाजारात पोचतो. चिलीने युरोपीय संघाशी 2002 मध्येच करार करून टाकला, त्यांची द्राक्षं शुल्काविना जाऊ लागली. आपल्या द्राक्षांवर वर्षानुवर्षं 8 टक्क्यांच्या आसपास ड्युटी लागत राहिली. बागेला खर्च सारखाच, मेहनत सारखीच, आणि शर्यत सुरू व्हायच्या आधीच आपण मागे.

शुल्काइतकंच दुखणं तपासणीचं आहे. 2010 साली सीसीसीच्या, म्हणजे वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अवशेषांवरून आपले कंटेनर युरोपात अडकले. त्यात आमचाही माल होता. इथे पास झालेला माल तिथे नापास झाला. निर्यातदाराचा फोन आला, "माल अडकलाय, पैशाचं नंतर बघू." ते नंतर कधी आलंच नाही. त्या संध्याकाळी दादा ओट्यावर बसले होते, हातात गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, 18 होती, मणी एकसारखा, टपोरा. माल चांगला होता हो. कागद कमी पडला.

म्हणून एप्रिल 2025 मध्ये चिलीचे राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल बोरिच भारतात आले, तेव्हा ती बातमी मी दोनदा वाचली. आपले राजनैतिक संबंध 1949 पासूनचे. मर्यादित स्वरूपाचा व्यापार करार 2007 मध्ये लागू झाला, तो 2017 मध्ये वाढवला: चिलीने 1798 प्रकारच्या वस्तूंवर सवलत दिली, आपण 1031 वर. बोरिच येऊन गेल्यावर पुढच्याच महिन्यात व्यापक आर्थिक भागीदारी कराराच्या बोलण्यांची चौकट ठरली. मला हा करार हवा आहे, मनापासून हवा आहे. कॉपर आणि लिथियमसाठी एका-दोघा पुरवठादारांच्या दारात उभं राहण्यापेक्षा चिलीसारख्या देशाशी पक्कं नातं असलेलं कधीही बरं.

पण दिल्लीत खाणींवर जितका वेळ जाईल, त्याच्या निम्मा तरी शेतमालाला द्यावा. त्यांचे अक्रोड आणि सफरचंद इथे आल्यावर काश्मीर-हिमाचलच्या बागायतदाराला धास्ती वाटणार, ती खरी आहे आणि तिचा विचार झालाच पाहिजे. आपल्या बाजूने फक्त शुल्क कमी करून घेणं पुरेसं नाही. शुल्क शून्य झालं आणि प्लांट क्वारंटाइनचा, म्हणजे मालातली कीड-रोग तपासण्याचा, प्रोटोकॉलच ठरला नाही, तर माल न्हावा शेवा बंदराच्या पुढे सरकत नाही. कुठली कीड, कुठली लॅब, कुणाचं प्रमाणपत्र, हे करारातच लिहून घ्यायला हवं.

आणि चिलीकडून शिकायचंही आहे. एवढ्या लांबून, जहाजात कित्येक आठवडे राहून त्यांचं द्राक्ष टवटवीत उतरतं. कोल्ड चेन आणि पॅकिंगच्या त्या ज्ञानाचा मोबदला म्हणून आपण औषधं, गाड्या, सॉफ्टवेअर देऊच की. महिंद्राच्या गाड्या तिकडच्या रस्त्यांवर धावतातच. मग निफाड-दिंडोरीची पंचवीस पोरं एका हंगामासाठी तिकडच्या बागांत का जाऊ नयेत?

काल रात्री भावाने वहीत मागण्या लिहायला घेतल्या, वाणिज्य मंत्रालयाला पाठवायच्या आहेत. पहिल्या ओळीत त्याने लिहिलंय: "आमच्या लॅबचा रिपोर्ट तिथे मान्य व्हावा." बागायतदार आणि अंबड-सातपूरच्या युनिटवाल्यांनी आपापली एक मागणी खाली लिहावी, मी सगळ्या त्याच वहीत उतरवून घेतो.