पुढून तीन, मागून दोन

पिकअपला लिफ्ट किट, म्हणजे गाडी चाकांवरून वर उचलणारे सुटे भाग, लावायचं खरं कारण एकच असतं, गाडी उंच आणि जरा रागीट दिसावी. बाकीची सगळी कारणं घरी सांगण्यासाठी असतात. ग्राउंड क्लिअरन्स, अप्रोच अँगल, कच्चा रस्ता, कधी पाणीबिणी साचलं तर, असं सगळं मी एका दमात बोलून टाकलं आणि बायको शांतपणे ऐकत राहिली, आणि ती शांतपणे ऐकते तेव्हा पुढे हिशोब येतो.

"किती वर जाणार?"

"पुढून तीन इंच, मागून दोन."

"आणि खाली तो गोळा लोंबतोय तो?"

आता हा प्रश्न तिने विचारायला नको होता. मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा, फुगीर गोळा असतो, दगडाला सगळ्यात आधी तोच लागतो, आणि लिफ्ट किटने तो तसूभरही वर जात नाही. मागे किट बसतं ॲक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे, त्यामुळे वर जाते ती चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि तिच्यावरची बॉडी, गोळा बिचारा आहे तिथेच. त्याला वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. "म्हणूनच तर टायर पण घेतोय ना," मी म्हणालो, आणि मला वाटलं जिंकलो.

जुने टायर २६५/७०/१७, नवे २८५/७०/१७. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमधे. दुसरा म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के ते. तिसरा रिमचा व्यास, इंचात. एकाच नावात मिलिमीटर, टक्के आणि इंच कोंबायची आयडिया ज्याची असेल त्याच्याबरोबर मला एकदा बसायचंय. तर हे सगळं गुणून जुन्या टायरची उंची येते ८०३ मिलिमीटर, नव्याची ८३१. बायकोने वजाबाकी केली, २८. इथे थांबली असती तर बरं झालं असतं, पण ॲक्सल चाकाच्या मधे असतो हे तिच्या लक्षात आलं आणि तिने २८ ला दोनने भागलं.

"१४ मिलिमीटर. एवढ्यासाठी?"

"दिसेल पण कसली भारी!" मी म्हणालो. अख्ख्या चर्चेतलं माझं तेवढं एक वाक्य खरं होतं आणि गंमत म्हणजे परवानगी त्याच वाक्यावर मिळाली.

मग किट आलं. एवढ्या मोठ्या गाडीला वर उचलणारी वस्तू म्हणून मी मोठ्या खोक्याची वाट बघत होतो, तर आला एक छोटा जड डबा, आत दोन ॲल्युमिनियमच्या चकत्या, दोन लोखंडी ठोकळे, चार यू-बोल्ट, नटबोल्टांची पिशवी आणि एक कागद ज्यावरचे फोटो इतके काळे छापलेले की सस्पेन्शन कुठलं आणि सावली कुठली कळेना. चकतीची जाडी दीड इंच. "तू तर तीन इंच म्हणाला होतास," घरातलं ऑडिट खातं परत जागं झालं. मग समजावलं की चकती बसते स्ट्रटवर, म्हणजे पुढची स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्या जोडीवर, आणि स्ट्रट चाकापाशी टेकलेला नसतो, तो चाकाला धरणाऱ्या खालच्या कंट्रोल आर्मवर मधेच कुठेतरी बसतो, त्यामुळे वर दीड इंच ढकललं की आर्मच्या टोकाला, म्हणजे चाकाशी, साधारण दुप्पट होतं. हे तिला पटलं. मला मात्र ते चाक हातात येईपर्यंत नीट पटलं नव्हतं.

काम घरीच करायचं ठरलं कारण माझ्या मित्राने व्हिडिओ पाहिले होते. त्या व्हिडिओंबद्दल माझं स्पष्ट मत आहे की ते ज्या ग्रहावर काढतात तिथे गंज नसतो. त्यातला माणूस बोल्टला पाना लावतो आणि बोल्ट फिरतो! गाडीखाली चिखलाचा थेंब नाही, कपडे स्वच्छ, आणि मधेच 'आता उलट क्रमाने सगळं बसवा' असं म्हणून तो निघून जातो. सगळी मारामारी त्या उलट क्रमातच असते.

आमची गाडी ठोकळ्यांवर, म्हणजे चासीखाली जॅक स्टँड लावून उभी केली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, इथे अजिबात विनोद नाही), चाकं काढली, आणि पहिलाच नट आडवा आला. स्टॅबिलायझर बारची, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची, लिंक. हा नट फिरतो, पण त्याच्याबरोबर आतला दांडाही फिरतो, त्यामुळे तुम्ही दिवसभर फिरवलं तरी चालेल. दांड्याच्या टोकाला ॲलन कीची खाच असते, एका हाताने ती धरायची आणि दुसऱ्याने नट सोडायचा, आणि ती खाच गंजाने भरलेली असते. मित्र म्हणाला, "भावा, तेल मार आणि थांब थोडं." तेल मारून थांबलो. परत मारलं, परत थांबलो. संध्याकाळपर्यंत ते तेल नटापेक्षा माझ्या कोपराला जास्त लागलं होतं आणि कोपर एकदम मोकळं फिरत होतं.

मग वरचा बॉल जॉइंट, म्हणजे वरचा आर्म आणि चाक यांच्यामधला सांधा. तो कसा सोडवतात माहितीये? नट थोडा सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही, नाहीतर सुटल्यावर सगळं धाडकन खाली येतं, आणि ज्या लोखंडात तो अडकलाय त्या नकलवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, बाजूने हातोडा मारायचा. बॉल जॉइंटवर नाही, शेजाऱ्यावर. आम्ही छोट्या हातोडीने आदराने सुरुवात केली, मग मधला हातोडा, मग मित्राने घण आणला आणि शेजारपाजारच्या खिडक्या एकेक करून उघडायला लागल्या. सुटला तेव्हा असा आवाज आला की आम्ही दोघं मागे उडालो आणि मग एकमेकांना टाळी दिली, काहीतरी तुटलंय का ते नंतर बघितलं. नाही तुटलं. ब्रेकचा होज ताणला जाऊ नये म्हणून नकलला तारेने बांधून ठेवलं होतं, तेवढी अक्कल व्हिडिओतून आली होती हे मान्य.

स्ट्रट बाहेर काढून वर चकती लावायची, एवढंच. स्प्रिंग दाबून उघडावी लागत नाही असंच किट मी मुद्दाम घेतलं, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती कोणाची ओळख ठेवत नाही. पण चकती लावल्यावर स्ट्रट झाला दीड इंचाने लांब, आणि जागा तेवढीच. मग खालचा आर्म पहारीने खाली दाबायचा, त्यावर मित्र उभा राहणार, मी स्ट्रट आत ढकलणार, आणि बोल्ट कोण घालणार याचा विचार कोणी केलेला नाही. "वहिनी!" मित्र ओरडला. वहिनी आल्या, बोल्ट भोकात घातला, म्हणाल्या "झालं?" आणि गेल्या. आमची कमाई विचारू नका.

मागची बाजू त्यामानाने सरळ. पाटे आणि ॲक्सल यांच्यामधे ठोकळा सरकवायचा आणि लांब यू-बोल्टने आवळायचं. जुने यू-बोल्ट परत वापरायचे नसतात, एकदा आवळले की ते ताणले जातात, शिवाय आता ते आखूडही पडतात. ठोकळ्यावरची पिन खालच्या भोकात आणि पाट्याची पिन ठोकळ्याच्या भोकात, दोन्ही एकाच वेळी बसायला हव्यात. सुईत दोरा ओवायचं काम, फक्त सुई शंभरेक किलोची आणि ती जॅकवर डुलतेय. "डावीकडे घे." "कोणाच्या डावीकडे?" या एका प्रश्नावर आमची वीस वर्षांची मैत्री थोडा वेळ थांबून राहिली होती.

रबरी बुश असलेले बोल्ट शेवटचे, गाडी चाकांवर उतरवूनच टाइट करायचे, हवेत असताना केले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणजे जेव्हा खाली शिरायला भरपूर जागा असते तेव्हा टाइट करायचं नाही, जागा संपली की करायचं.

मग टायर चढले. आणि खरं सांगतो, त्या क्षणी सगळं माफ होतं. दोघंही रस्त्याच्या पलीकडे जाऊन हाताची घडी घालून नुसते बघत उभे. मित्र म्हणाला, "दिसतेय ना रे." मी म्हणालो, "दिसतेय." याउपर बोलायची ताकद नव्हती.

स्टीअरिंग पूर्ण फिरवून रिव्हर्स घेतला आणि आवाज आला, खर्रर्र. मोठे टायर लावलेला प्रत्येक माणूस तुम्हाला सांगेल की थोडंसंच घासतं, फक्त फुल लॉकला, फक्त रिव्हर्सला, आणि तो हे बोलत असताना त्याच्या मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला तळहाताएवढं भोक पडलेलं असतं. आम्ही चिखलपट्टी काढली, आतलं प्लॅस्टिक हीट गनने मऊ करून मागे दाबलं, एक कोपरा कापला. आता माझंही थोडंसंच घासतं. फक्त फुल लॉकला.

अलाइनमेंटवाल्याने गाडी बघितली, मग मला बघितलं. "घरी केलंय?" "हो." "हं." त्या 'हं' मधे बराच मजकूर होता. स्क्रीनवर कॅम्बर, कॅस्टर, टो, म्हणजे चाकांचे कोन, सगळं लाल. पुढून उचललं की कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, मग वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि हायवेवर गाडी स्वतःची मतं मांडायला लागते. त्याने जेवढं ॲडजस्ट होतंय तेवढं केलं आणि उरलेल्यासाठी नवे वरचे आर्म सुचवले. किटमधे नसलेल्या वस्तूंची माझी यादी इथून सुरू झाली.

हेडलाइटचं तर डोक्यातच नव्हतं. पुढची बाजू मागच्यापेक्षा इंचभर जास्त वर गेली, दोन चाकांमधलं अंतर तीन मीटरच्या आसपास, म्हणजे तीस मीटरवर झोत दहा इंच वर. समोरचे सगळे मला अप्पर मारत होते आणि मला वाटत होतं गाडीचं कौतुक चाललंय. घरी येऊन झोत खाली केला.

स्पीडोमीटरचं वेगळंच. चाकाचा घेर साडेतीन टक्क्यांनी वाढला, त्यामुळे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी साधारण १०३.५ ने चाललेली असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे ॲव्हरेज पडलंय त्यातलं थोडं नुसतं कागदावर पडलंय, असं मी घरी सांगून ठेवलंय. उरलेलं का पडलंय ते सांगायची वेळ अजून आलेली नाही. टायर जड झालेत, उंचीमुळे वारा जास्त लागतो, आणि पिकअप आता पहिल्या गिअरमधे विचार करून निघते. वळणावर मीही विचार करतो, कारण गुरुत्वमध्य आपल्याबरोबर वर आलाय.

गाडीबरोबर आलेला जॅक आता आखूड पडतो. त्याच्याखाली लाकडाचा जाड ठोकळा ठेवावा लागतो. नवी स्टेपनी हौद्याखालच्या तिच्या जागेत मावत नाही, ती हौद्यातच आडवी पडलेली असते. आई गाडीत चढताना आधी दरवाज्याला, मग सीटला, मग मला बघते आणि म्हणते, "तुम्ही जाऊन या." तिच्यासाठी फूटस्टेप लावायचेत, ते यादीत आहेत, आर्मच्या खाली.

पण एक फायदा असा झाला जो कुठल्याच कागदावर लिहिलेला नव्हता. पिकअप असलेल्या माणसाला ओळखीचा प्रत्येक जण घर बदलताना फोन करतो, हे पिकअपवाल्यांना माहीत आहे. परवा वरच्या मजल्यावरचे काका आले, सोबत त्यांचा डबल डोअर फ्रिज, खाली आणून ठेवलेला. "अरे, गाडी काढ जरा, दहा मिनिटांचं काम आहे." मी काढली, मागचं फाळकं उघडलं. हौदा आधीपेक्षा अडीच इंच वर, फक्त अडीच, पण जड वस्तू उचलताना शेवटचे अडीच इंच आधीच्या सगळ्या इंचांपेक्षा लांब असतात. काकांनी हौदा बघितला, आत ऐसपैस झोपलेली स्टेपनी बघितली, मग फ्रिजकडे बघितलं.

"काका, तुम्ही खालून धरा, मी वरून ओढतो," मी म्हणालो.

"नको नको, तू कशाला त्रास घेतोस," काका म्हणाले आणि खिशातून मोबाइल काढून मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याकडेही पिकअप आहे, कंपनीतून आली तशीच.