मोर्चाने काय होतं, असं विचारणाऱ्या भाचीला

परवा भाचीने विचारलं, “मावशी, मोर्चे काढून गर्भपाताचा हक्क वाचतो का गं? अमेरिकेत २०१७ला लाखो बाया रस्त्यावर आल्या होत्या. पाच वर्षांनी कोर्टाने हक्क काढूनच घेतला ना?” ती कायद्याचं शिकते. तिच्या आवाजात थट्टा नव्हती, खरंच हताश झाली होती पोरगी. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच होतं, म्हणून इथे लिहितेय.

मी नागपूरची. विधिमंडळाचं अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडवले जातात, हे बघतच मोठी झाले. २३ नोव्हेंबर १९९४ला मी बारावीत होते. गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले, त्यात बहुतेक बाया आणि लेकरं. मागणी होती आदिवासी म्हणून मान्यता मिळण्याची. २०१८ला हायकोर्टाने ती दिली, २०२०ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. म्हणून गर्दी जमली की न्याय मिळतो, असं मी कोणालाही सांगणार नाही. सीताबर्डीवरून त्यांच्या स्मारकासमोरून जाताना तसं म्हणायला जीभ रेटत नाही.

पण याच विदर्भातली मथुरा आठव. देसाईगंजची आदिवासी मुलगी, १९७२ साली पोलीस ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. आपल्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने १९७८ला त्यांना सोडून दिलं. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि १९८०च्या ८ मार्चला शहराशहरांतून बाया बाहेर पडल्या. १९८३ला बलात्काराचा कायदा बदलला. मथुरेला स्वतःला काही मिळालं नाही, पण तिच्यानंतरच्या मुलींना मिळालं.

गर्भपाताचं म्हणशील तर पोलंड बघ. २०१६ला तिथे संपूर्ण बंदीचं विधेयक आलं. ऑक्टोबरात बाया काळे कपडे घालून, कामावर न जाता रस्त्यावर उतरल्या आणि तीनच दिवसांत संसदेने ते फेटाळलं. २०२०ला मात्र तिथल्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने गर्भातल्या व्यंगाचं कारणही काढून टाकलं. तेव्हाची गर्दी २०१६पेक्षा मोठी होती, तरी निकाल हलला नाही. २०२३च्या निवडणुकीत ते सरकार गेलं. २०२४च्या जुलैत कायदा थोडा सैल करायचं विधेयक आलं, तर तेही २१८ विरुद्ध २१५ मतांनी पडलं. तीन मतांनी! गर्दी निवडणुकीच्या भीतीने जगणाऱ्या माणसाला हलवते, ज्याला मत मागायला यायचं नाही त्याला हलवत नाही. आणि अमेरिकेची कथा कोर्टापाशी संपली नाही गं. निकालानंतर दीड महिन्यात कॅन्सससारख्या कर्मठ राज्यात या हक्कावर मतदान झालं आणि लोकांनी हक्क राखला.

आपल्याकडे १९७१चा गर्भपाताचा कायदा आला तेव्हा त्यासाठी बायांची मोठी चळवळ झाली नव्हती. सरकारने नेमलेल्या शांतिलाल शाह समितीने चोरून होणाऱ्या गर्भपातांत बाया मरतात हे मांडलं, लोकसंख्येची चिंता होतीच, आणि संसदेने कायदा करून टाकला. माझ्या मते आपली गोम इथेच आहे. न मागता मिळालं, म्हणून ते डॉक्टरच्या हातात मिळालं. आजही वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, बाईची इच्छा एवढं कारण पुरत नाही. कायद्याच्या चौकटीबाहेर झाला तर आताच्या न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे, बाईचाही. आणि जे आहे तेही बायांना माहीत नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येते ती ताई दोन वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा राहिली. नववा आठवडा. नवरा पुण्याला बांधकामावर, फोन उचलत नव्हता. एका दवाखान्यातून परत आली नि ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, “ताई, नवऱ्याची सही आना म्हनून राहिले.” दुसरीकडेही तेच. कायद्यात अठरा वर्षांवरच्या बाईला फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. हे मी फोनवर सांगितलं तर पलीकडून उत्तर आलं, “आमचा नियम आहे.” तिसऱ्या ठिकाणी तिच्या एकटीच्या सहीवर झालं. यात अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

निघताना तिने हळूच विचारलं, “पोलीस तं नाही नेत ना? भिंतीवर लिहून रायते, भ्रूणहत्या पाप आहे.”

त्या शब्दाशी मला भांडायचं आहे, आणि ते सोपं नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रातल्या बायांनीच लढा दिला, म्हणून १९८८ला देशात पहिल्यांदा आपल्या राज्याने कायदा केला आणि १९९४ला केंद्राचा आला. तो लढा खरा होता, त्याच्या बाजूने मी आजही उभी राहीन. पण त्यातून “भ्रूणहत्या” हा शब्द भिंतींवर, रिक्षांच्या मागे, शाळेच्या निबंधात जाऊन बसला आणि प्रत्येक गर्भपाताला चिकटला. मुलगी नको म्हणून पाडणं आणि तिसरं मूल झेपत नाही म्हणून पाडणं, बाईला दोन्ही एकच वाटू लागलं. केमिस्टही गोळ्या ठेवायला कचरतात. म्हणजे मोर्चाचा परिणाम होतो, भाची. इतका होतो की घोषणेतला एक शब्द चाळीस वर्षं बाईच्या मानेवर बसतो. म्हणून फलकावर काय लिहायचं हे आपण दहादा तपासलं पाहिजे.

आणि हे चारचौघांत बोलायचं कसं, असं मला सांगू नका. १९४२च्या जुलैत याच नागपुरात दलित महिला परिषद भरली. हजारो बायांसमोर अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे संततिनियमनावर बोलल्या. ऐंशी वर्षांपूर्वी!

येत्या अधिवेशनात आम्ही दहा-बारा जणी उभ्या राहणार आहोत. मागणी एकच: गर्भपाताची सोय असलेल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर मराठीत पाटी लावा, “गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची सही लागत नाही.” नंतर पाटी लागली की नाही ते बघायला आम्ही खिडकी-खिडकीवर जाणार, मेडिकल, मेयो, डागा या सरकारी दवाखान्यांपासून गल्लीतल्या नर्सिंग होमपर्यंत. कोण कुठे जाईल याची यादी भाची करतेय. तारीख ठरली की इथेच टाकते.

ताईला काल विचारलं, येतेस का. पोळी लाटता लाटता थांबली. “तोंडाला ओढनी बांधून आली तं चालते का?”

चालते म्हटलं.