'चार मोठ्या बँका पुरे' म्हणणाऱ्यांना

ठाण्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'लहान बँका म्हणजे घोटाळे. चार-पाच मोठ्या बँका ठेवा, बाकी बंद करा. पैसा सुरक्षित राहील, कर्ज मोबाईलवर मिळेल, उद्योग आपोआप वाढेल.' मी वागळे इस्टेटमधल्या छोट्या वर्कशॉपचे हिशेब लिहितो. मला यातलं जवळपास काहीच पटत नाही.

'मोठी म्हणजे सुरक्षित.' 5 मार्च 2020 ला येस बँकेवर निर्बंध आले आणि खात्यातून 50 हजारांच्या वर काढता येईना. ती काही लहान बँक नव्हती. लहान बँका बुडतात म्हणून पीएमसीचा (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचा) दाखला हमखास देतात. सप्टेंबर 2019 मध्ये ठेवीदारांना सुरुवातीला फक्त 1000 रुपये मिळत होते, ते हाल आपण सगळ्यांनी पाहिले. पण पीएमसी ही देशातल्या मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक होती. तिची बहुतांश कर्जं एकाच बांधकाम समूहात अडकली आणि ते लपवलं गेलं, म्हणून ती बुडाली.

'कर्ज मोबाईलवर.' पगारदाराला मिळेलही. आमच्या एका कारखानदाराला दुसरं सीएनसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापून पार्ट बनवणारं) घ्यायचं होतं. एका मोठ्या बँकेच्या ॲपने अर्ज फेटाळला. का फेटाळला ते विचारायला समोर माणूसच नाही. मग एका सहकारी बँकेचे शाखा व्यवस्थापक स्वतः शेडमध्ये आले. चलनबुक, म्हणजे पाठवलेल्या मालाच्या पावत्यांचं पुस्तक, उघडून एकाच कंपनीला माल दर महिन्याला जातोय का ते पाहिलं. लाइटबिलं मागितली. ऑपरेटरला विचारलं, 'रात्रपाळी चालते का रे?' मशीनखालचा ओला कीस बुटाने सरकवून कोणतं मटेरियल चालतं तेही पाहिलं. कर्ज मंजूर झालं. ॲप पाहतं त्या क्रेडिट स्कोअरमध्ये (जुनी कर्जं कशी फेडली त्याचे गुण) चुकलेला हप्ता दिसतो. तो का चुकला हे दिसत नाही. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे 45 दिवसांत यायला हवं ते पेमेंट मोठ्या कंपनीने अडकवून ठेवलं होतं, म्हणून तो चुकला होता.

'उद्योग आपोआप वाढेल.' खरी गोम इथे आहे. बँक कर्ज देते तेव्हा कर्जदाराच्या नावे नवी ठेव तयार होते, म्हणजे बाजारात नवा पैसा येतो. तो घोडबंदर रोडवरच्या जुन्या फ्लॅटच्या रीसेलला गेला, तर मालक बदलतो, भाव चढतो, नवीन काहीच तयार होत नाही. तोच मशीनला गेला तर पार्ट तयार होतात, दोन पोरांना काम मिळतं. पण बँकेला फ्लॅट सोपा वाटतो, कारण तारण समोर उभं असतं. म्हणूनच व्यापारी बँकांना 40 टक्के कर्ज शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राला देण्याचं बंधन आहे. हे आपोआप होत असतं तर नियम करायची वेळ आली नसती.

'सहकारी बँकांत संचालकांचे नातेवाईक कर्ज उचलतात.' हा आरोप अनेक ठिकाणी खरा ठरला आहे, तो मी झाकणार नाही. रिझर्व्ह बँकेने 2003 मध्येच अशा कर्जांवर बंदी घातली. ती मोडणाऱ्या संचालकांना घरी बसवा, वसुली त्यांच्याकडून करा. पण शेडमध्ये येऊन चलनबुक उघडणाऱ्या त्या व्यवस्थापकांची शाखा का बंद करायची?